गलाईच्या मुशीतील अब्जांश : नॅनोसच्छिद्र धातूंच्या इतिहासकथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

सोन्याचा डाग मोडीस निघाला की तो वितळवून त्याचे चोख सोने करून देणारा कारागीर सराफी पेठेच्या मागच्या गल्लीत बसलेला असतो. मराठीत त्याच्या व्यवसायाला गलाई म्हणतात. डागात चांदी मिसळून केलेला गोळा तो तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतो. चांदी विरघळून जाते आणि मागे एक तपकिरी, ठिसूळ, मातकट दिसणारा पदार्थ उरतो. तो सोनेच असतो, पण सोन्यासारखा दिसत नाही. गलाईवाला तो धुतो, सुकवतो आणि पुन्हा मुशीत घालून वितळवतो. तेव्हा कुठे पिवळी लगड हाती येते.

मधल्या टप्प्यावर काही काळ अस्तित्वात असणारा हा तपकिरी पदार्थ पदार्थविज्ञानात 'नॅनोपोरस गोल्ड' या नावाने ओळखला जातो. गेल्या पंचवीस वर्षांत उत्प्रेरक, संवेदक, विद्युत्‌भार साठवणारी साधने अशा अनेक अंगांनी त्याचा अभ्यास झाला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू या पदार्थाच्या गुणधर्मांचा आढावा घेणे एवढाच नाही. त्याच्याविषयी ज्या हकिकती सांगितल्या जातात त्यांची चिकित्सा करणे, हा मुख्य हेतू आहे. अशी तीन कथने येथे विचारात घेतली आहेत : प्रयोगशाळेचे, गौरवाचे आणि यशोगाथेचे. ही तिन्ही कथने गलाईवाल्याचा उल्लेख करतात किंवा करू शकतात. परंतु त्याच्या हातून नेमके काय घडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, या दोन प्रश्नांना तिन्ही बगल देतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रक्रिया : एकास तीन या प्रमाणाचा अर्थ

कथनांकडे वळण्यापूर्वी प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे. २२ कॅरटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोने असते. असा डाग थेट नायट्रिक आम्लात टाकला तर पृष्ठभागावर थोडीफार क्रिया होऊन ती थांबते, कारण आतील चांदी व तांब्याचे अणू सोन्याच्या अणूंच्या वेढ्यात असतात. म्हणून आधी त्यात चांदी मिळवावी लागते. वजनाने एक भाग सोने व तीन भाग चांदी हे प्रमाण फार जुने आहे. युरोपीय भाषांत या कृतीला जे नाव आहे, त्याचा अर्थही सोन्याचा हिस्सा चौथाईवर आणणे असाच होतो. ज्या आम्लाने हे विलगीकरण होते त्याचे सविस्तर वर्णन अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या धातुविद्येवरील ग्रंथात आहे.

या प्रमाणाकडे अणूंच्या संख्येच्या अंगाने पाहिले तर त्याचा अर्थ उलगडतो. सोन्याचा अणुभार सुमारे १९७ आणि चांदीचा सुमारे १०८ आहे. त्यामुळे वजनाने एकास तीन असलेल्या मिश्रधातूत दर शंभर अणूंमागे चांदीचे सुमारे ८४ ते ८५ आणि सोन्याचे केवळ १५ ते १६ अणू असतात. चांदीच्या अणूंचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांच्या वर असेल, तरच आम्ल मिश्रधातूच्या खोल गाभ्यापर्यंत पोहोचते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. २२ कॅरटच्या डागातील सोन्याव्यतिरिक्तचा सर्व भाग चांदी मानला, तरी तिचे अणू जेमतेम १४ टक्के भरतात. चांदी फार कमी घातली तर ती आत अडकून राहते; फार जास्त घातली तर उरलेले सोने एकसंध न राहता भुकटी होऊन विखुरते. एकास तीन हे प्रमाण या दोन अपयशांच्या मधल्या पट्ट्यात बसते. अणूची कल्पना सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी केवळ हाताच्या अनुभवातून हा पट्टा सापडला होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

चांदी निघून गेल्यावर उरलेले सोने स्पंजासारखे का होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर २००१ साली जोना अर्लेबाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकातील लेखात दिले. चांदीचे अणू निघून जात असताना मागे राहिलेले सोन्याचे अणू जागच्या जागी थांबत नाहीत. ते पृष्ठभागावरून सरकतात, एकमेकांना मिळतात आणि त्यांची बेटे तयार होतात. बेटांच्या मधली जागा उघडी पडते, तेथून खालच्या थरातील चांदी विरघळते आणि पुन्हा तेच घडते. अशा रीतीने एकमेकांत गुंतलेल्या धातूच्या धाग्यांचे व पोकळ्यांचे जाळे बनते. या धाग्यांची जाडी काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असते. पुढे उष्णता दिली की धागे जाड होत जातात, पोकळ्या मोठ्या होतात आणि तपकिरी रंग जाऊन सोनेरी झाक परत येते.

ही घटना मुंबईच्या उपनगरांत दुर्मीळ नाही. भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना सुरू केली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली. हॉलमार्किंग केंद्रात शुद्धता ठरवण्यासाठी जी अग्निपरीक्षा होते, तिच्यात नमुन्यात चांदी मिसळून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात व भट्टीत तापवतात. उरलेला मणी ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात, ती गुंडाळतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. आम्लातून बाहेर आलेली तपकिरी गुंडाळी म्हणजे नॅनोसच्छिद्र सोनेच होय. ती तापवून पिवळी झाल्यावर तिचे वजन घेतात. १९७३ साली स्थापन झालेल्या अंधेरीच्या सीप्झमधील दागिन्यांचे कारखाने असोत की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील सराफी दुकाने, त्यांचा माल ज्या परीक्षेतून जातो तिच्या पोटात हा पदार्थ रोज जन्माला येतो आणि रोज नाहीसा होतो.

प्रयोगशाळेचे कथन

नॅनोसच्छिद्र धातूंवरील आढावा-लेखांची प्रस्तावना बहुधा एका ठरावीक वळणाने जाते. आरंभी दक्षिण अमेरिकेतील कोलंबसपूर्व कारागिरांचा उल्लेख येतो. सोने-तांब्याच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागावरील तांबे काढून टाकून ते वस्तूला सोन्याची कांती आणत असत. हेदर लेक्टमन यांनी या तंत्राचा सखोल अभ्यास केला आणि ए. जे. फॉर्टी यांनी १९७९ साली त्याचा संबंध धातूंच्या क्षरणाशी जोडून दाखवला. त्यानंतर मध्ययुगीन युरोपातील सोने-परीक्षकांविषयी एखादे वाक्य येते. मग 'आधुनिक काळात' असे म्हणून लेख सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांकडे वळतो. कारागीर प्रस्तावनेत येतो आणि कार्यपद्धतीच्या विभागात नाहीसा होतो.

याचे बोलके उदाहरण म्हणून २००४ सालच्या एका शोधलेखाकडे पाहता येईल. यी डिंग, यंग-जू किम व अर्लेबाकर यांनी बाजारात मिळणारा १२ कॅरटचा सोन्या-चांदीचा वर्ख नायट्रिक आम्लावर तरंगत ठेवून त्यापासून सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे सच्छिद्र पान तयार केले. लेखाच्या शीर्षकातच प्राचीन तंत्रज्ञान आणि प्रगत पदार्थ या दोन कल्पना शेजारीशेजारी मांडल्या आहेत. हा प्रामाणिकपणा स्वागतार्ह आहे. तरीही शीर्षकात आलेले 'प्राचीन' हे विशेषण तपासून पाहावे लागते. वर्ख कुटणारा कारागीर त्या वर्षीही काम करीत होता. म्हणूनच तर वर्ख विकत मिळाला. जे समकालीन आहे त्याला प्राचीन म्हटले की त्याच्याशी संवाद करण्याची गरज उरत नाही. मजुरी, अपघात, कौशल्य यांविषयीचे प्रश्न आपोआप इतिहासाच्या खात्यात जमा होतात.

येथे प्रयोगशाळेच्या बाजूने जे म्हणता येते तेही म्हटले पाहिजे. एकच पदार्थ दोघांच्या हाती असला तरी दोघांचे हेतू भिन्न आहेत. गलाईवाल्याला पोकळी नको असते. ती त्याच्या वाटेवरील एक अवस्था असते आणि मूस तापली की ती मिटते. संशोधक नेमका तेथेच थांबतो, कारण त्याला पोकळीच हवी असते. पोकळी हेच उत्पादन मानण्याची दृष्टी धातुशास्त्रात तुलनेने अलीकडची आहे. अमेरिकेतील मरे रेनी या अभियंत्याने १९२० च्या दशकात निकेल व अ‍ॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू करून त्यातील अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने काढून टाकले. उरलेले सच्छिद्र निकेल तेलांच्या हायड्रोजनीकरणासाठी उत्कृष्ट उत्प्रेरक ठरले. त्याचे या विषयीचे एकस्व १९२७ सालचे आहे. रेनीने पोकळी वितळवून टाकली नाही, ती विकली. पुढे २०१० साली आर्ने विटस्टॉक व सहकाऱ्यांनी नॅनोसच्छिद्र सोने हे मिथेनॉलच्या निवडक ऑक्सिडीकरणासाठी कमी तापमानात उपयोगी पडते, असे 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले. या उत्प्रेरणात सोन्यात मागे राहिलेल्या अत्यल्प चांदीचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे गलाईवाल्याच्या लेखी जो दोष, तोच येथे गुण ठरतो.

तेव्हा प्रयोगशाळेचे श्रेय निर्विवाद आहे. तिने असा प्रश्न विचारला जो कारागिराने विचारला नव्हता. आक्षेप एवढाच, की आपला प्रश्न नवा आहे हे सांगण्याऐवजी आपला पदार्थ नवा आहे, असा समज ती प्रचलित होऊ देते.

गौरवाचे कथन

याच्या विरुद्ध टोकाला गौरवाचे कथन उभे आहे. महाविद्यालयीन चर्चासत्रांतून ते वरचेवर ऐकू येते. त्याचा आशय असा, की अब्जांश तंत्रज्ञान आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. आधारादाखल सुवर्णभस्मातील सूक्ष्म कणांचा किंवा २००६ साली दमास्कसच्या तलवारीत आढळलेल्या कार्बन नलिकांचा दाखला दिला जातो. अशा तलवारींसाठी भारतातील पोलाद वापरले जात असे, हे खरे आहे. या कथनात उद्या गलाईचीही भर पडू शकेल, म्हणून त्याची तपासणी आताच करणे इष्ट.

या कथनाची चूक तथ्यांत नाही, अनुमानात आहे. एखादी रचना हातून घडणे आणि ती रचना आहे हे माहीत असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त टांकसाळीच्या वर्णनात क्षारयुक्त लेप लावून सोने शुद्ध करण्याची रीत दिली आहे. त्या रीतीनेही सोन्यातील चांदी बाहेर ओढली जाते. परंतु त्यावरून अकबराच्या टांकसाळीतील माणसांना पोकळ्यांचे परिमाण ज्ञात होते, असे म्हणता येत नाही. तसे म्हणण्याने त्यांचा मान वाढत नाही. उलट त्यांना खरोखर जे ज्ञात होते ते झाकले जाते. आम्लातून निघणारा तांबूस-तपकिरी धूर थांबला म्हणजे क्रिया कोठवर आली हे ओळखणे, पहिले आम्ल ओतून दुसरे घालणे, धुवणीच्या पाण्यात मीठ टाकून पांढरा गढूळपणा येतो की नाही यावरून चांदी शिल्लक आहे का हे ठरवणे, हे निरीक्षणावर आधारलेले ज्ञान आहे. यांपैकी शेवटची खूण आपण बारावीच्या विद्यार्थ्यांना गुणात्मक विश्लेषणात शिकवतो. त्या ज्ञानाला त्याच्याच नावाने ओळखणे पुरेसे आहे. त्यावर अब्जांशाचा शिक्का मारण्याची गरज नाही.

शिवाय गौरवाच्या कथनातील कारागीरही प्राचीनच असतो. प्रयोगशाळेच्या आणि गौरवाच्या कथनांत वरवर विरोध दिसत असला, तरी या एका बाबतीत त्यांचे एकमत आहे : आजचा गलाईवाला दोहोंतही नाही.

यशोगाथेचे कथन

आजचा गलाईवाला भेटतो तो तिसऱ्या कथनात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि लगतच्या दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडलेल्या मराठी माणसांनी गलाईचा व्यवसाय देशभर नेला. विटा व आसपासच्या गावांतील कुटुंबे तमिळनाडू-केरळपासून उत्तरेकडील शहरांपर्यंत सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम करतात. मुंबईतील झवेरी बाजारातही हे काम चालते. पावसाने पाठ फिरवलेल्या गावातून निघालेला तरुण परमुलखात दुकान थाटतो, तेथील भाषा शिकतो आणि गावी घर बांधतो, ही हकिकत खरी आहे आणि अभिमानास्पदही आहे. मराठी माणूस धंद्यात मागे असतो या रूढ समजुतीला ती सणसणीत उत्तर देते.

या कथनाची मर्यादा अशी, की त्यात गलाई हे केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून येते. भट्टी, तेजाब, मूस यांचा उल्लेख कष्टाची खूण म्हणून होतो. पण त्या कामात ज्ञान कोणते आणि धोका कोणता, याचा विचार होत नाही. मालक यशस्वी ठरतो तेव्हा त्याच्याकडे काम शिकायला राहिलेला गावाकडचा मुलगा भट्टीसमोर काय श्वासात घेतो, हे हकिकतीच्या चौकटीबाहेर राहते.

ते काय असते, याचा हिशेब शालेय रसायनशास्त्राने मांडता येतो. १० ग्रॅम सोन्यासाठी ३० ग्रॅम चांदी मिळवली असे धरू. ही चांदी पूर्ण विरघळताना आम्ल तीव्र असेल तर प्रत्येक अणूमागे नायट्रोजन डायॉक्साइडचा एक रेणू सुटतो, म्हणजे एकूण सुमारे १२.८ ग्रॅम वायू. आम्ल विरल असेल तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड निघतो व हवेशी संयोग होऊन त्याचा नायट्रोजन डायॉक्साइड बनतो. तेव्हा हे प्रमाण ४ ग्रॅमच्या थोडे वर राहते. बंदिस्त गाळ्यात एवढा वायूही थोडा नव्हे. त्याचा घातक विशेष असा, की श्वासावाटे गेल्यावर लगेच होणारा त्रास कधी कधी किरकोळ वाटतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी होऊ लागते. हा वायू नुसत्या पाण्यातून सोडणे पुरेसे नसते, कारण नायट्रिक ऑक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतो. त्याचे आधी ऑक्सिडीकरण व्हावे लागते आणि मग अल्कलीच्या द्रावणात शोषण करावे लागते. मोठे शुद्धीकरण कारखाने क्लोरीनची किंवा विद्युत् विच्छेदनाची पद्धत वापरतात. परंतु त्या पद्धती एका डागाच्या, एका गिऱ्हाइकाच्या प्रमाणात बसत नाहीत. लहान गलाईवाल्यापाशी तेजाबच उरते.

संशोधक हाच प्रयोग धूरशोषक कपाटात करतो. संशोधनाने आता तेजाबाविना मार्गही शोधले आहेत. जपानमधील तोहोकू विद्यापीठात वितळलेल्या धातूच्या साह्याने मिश्रधातूतील एक घटक काढून घेण्याची पद्धत विकसित झाली. २०१८ साली जस्त निर्वातात बाष्परूपाने काढून सच्छिद्र धातू बनवण्याची रीत प्रसिद्ध झाली. या रीती सोन्याच्या गलाईला जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. परंतु आम्ल न वापरता एक घटक बाहेर कसा काढावा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तुटलेला संवाद कोठे जोडता येईल ते दिसते.

संज्ञांचा प्रश्न

ही कथने आपण वापरत असलेल्या संज्ञांतही मुरलेली आहेत. 'गलाई' हा शब्द वितळण्यावर भर देतो. त्यात आम्लाची क्रिया दिसत नाही. 'निवडक विद्रावण' ही संज्ञा जे निघून गेले त्याचा निर्देश करते. 'सच्छिद्र' हे विशेषण जे रिकामे राहिले त्याकडे बोट दाखवते. मागे राहिलेले अणू सरकून नवी रचना उभी करतात, हा २००१ सालच्या शोधलेखाचा गाभा या तिन्ही शब्दांत नाही. छिद्र हा शब्द मराठीत भोकाची, दोषाची सूचना करतो; येथे तर धागे आणि पोकळ्या समान दर्जाच्या असून एकमेकींत गुंतलेल्या आहेत. वर्गात शिकवताना प्रस्तुत लेखकाला 'सच्छिद्र सोने' म्हटल्यावर विद्यार्थ्यांच्या मनात चाळणी उभी राहते, असा अनुभव येतो. 'जाळीदार' हा शब्द त्या मानाने जवळचा वाटतो. परिभाषेचा निर्णय एका लेखात होणार नाही. पण संज्ञा ठरवताना ज्यांच्या हातात तो पदार्थ रोज असतो त्यांचे शब्द आधी ऐकावेत, एवढी अपेक्षा रास्त ठरावी.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते, की प्रयोगशाळेचे कथन कारागिराला भूतकाळात ठेवते, गौरवाचे कथन त्याच्यावर नसलेले ज्ञान लादते आणि यशोगाथेचे कथन त्याच्यापाशी असलेले ज्ञान व त्याच्यासमोरचा धोका दोन्ही वगळते. गलाईवाल्याला नॅनोतंत्रज्ञ म्हणू नये आणि केवळ मजूरही म्हणू नये. तो एका विशिष्ट पदार्थाच्या एका विशिष्ट अवस्थेचा जाणकार आहे, आणि त्या अवस्थेपाशी न थांबण्यात त्याचा धंदा आहे.

उपनगरांतील आपल्या महाविद्यालयांना या बाबतीत काही करणे शक्य आहे. एका बाजूस पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि दुसऱ्या बाजूस सीप्झ असा शेजार लाभलेल्या भागात हॉलमार्किंग केंद्रातील गुंडाळी तापवण्यापूर्वी व तापवल्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील प्रकल्प आहे. लहान गाळ्यात बसेल आणि परवडेल असे धूरशोषक साधन तयार करणे, हा त्याहून निकडीचा प्रकल्प आहे. पहिल्याने शोधलेख होईल, दुसऱ्याने कदाचित होणार नाही. आपण कोणता आधी हाती घेतो, यावर आपल्या विज्ञानाध्यापनाची कसोटी लागेल.